खारीची कवळी

आमच्या ह्यांनी आयुष्यात एकही वाकडा दात केलेला नाही. हे मी कौतुकाने सांगत नाहीये, तक्रार म्हणून सांगतेय. कारण पुढे जे काही झालं ते ह्याच सवयीपायी झालं, आणि भोगलं कुणी? मी.

हे कवळ्या करतात. दातांचे डॉक्टर नव्हेत, हं. डॉक्टर पुढे दवाखान्यात बसतात, पाटी लावतात, 'आ करा' म्हणतात. हे आमच्या घराच्या मागच्या खोलीत बसतात आणि कुणालाच काही म्हणत नाहीत. आसपासचे चार डॉक्टर लोकांच्या तोंडाचं माप घेतात आणि त्याचा प्लास्टरचा साचा आमच्याकडे पाठवतात, सोबत एक चिठ्ठी. चिठ्ठीवर रकाने छापलेले असतात. रुग्णाचं नाव, वय, वरची की खालची, रंग कुठला, शेरा. त्यावरून हे मेणात एकेक दात बसवतात, मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक भरतात, शिजवतात, घासतात, आणि आरशासारखी कवळी डबीत घालून परत पाठवतात. चिठ्ठीवर असेल तेवढंच करायचं, नसेल ते चिठ्ठीवरच लिहून विचारायचं. रुग्ण कोण, कुठला, चौकशी करायची नाही. एकतीस वर्षं झाली, ह्यांनी एकाही रुग्णाचं तोंड पाहिलेलं नाही. फक्त एक अपवाद. कवळी रुतली किंवा अडकली, तर म्हणतात, रुग्ण समोर आणा, दुखणं चिठ्ठीवर दुरुस्त होत नाही. पण तशी वेळ कधी आली नव्हती, कारण ह्यांची कवळी रुतत नाही.

बाजारात कुणी भेटलं की मी चेहरा बघते, हे जबडा बघतात. "कोण हो ते?" मी विचारलं, तर म्हणतात, "वरची पूर्ण, खालची डावी अर्धी." नाव विचारलं की डोकं खाजवतात. एकदा भाजी घेताना एक म्हातारे गृहस्थ विक्रेत्याच्या कुठल्याशा विनोदावर खो खो हसले, आणि हे हातातली पिशवी तशीच सोडून त्यांच्याकडे बघत उभे राहिले. टोमॅटो रस्त्यावर घरंगळले. मी ओरडले, तर कानात म्हणतात, "अगं, माझी आहे ती. पाच वर्षं झाली, अजून हलत नाही बघ." त्या म्हाताऱ्यांना एका शब्दाने सांगितलं नाही. घरी येईपर्यंत मात्र शीळ वाजवत होते.

ऐकणाऱ्याला वाटतं, काय देवमाणूस! वाटू दे. देवमाणसाबरोबर संसार करून बघा म्हणावं.

आम्हाला एकच लेक. ती दातांच्या कॉलेजात गेली तेव्हा ह्यांनी चारही डॉक्टरांना चिठ्ठीच्या मागे लिहून कळवलं होतं की आता पाचवी चिठ्ठी आमच्या लेकीची येईल. तिसऱ्या वर्षात पोरीने कॉलेज सोडलं. सिनेमा करायचा म्हणाली. मला म्हणाली, ह्यांना नाही. ह्यांना ते कळलं साचे पोचवायला गेले तेव्हा, एका डॉक्टरांकडून. घरी आले, हात धुतले, आणि त्या दिवसापासून तिच्याशी बोलणं बंद.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. मी भांडणाला तयार होते. पण हे भांडत नाहीत, गप्प बसतात. आणि पोरगी कुणाची? ह्यांचीच. तीही गप्प. तीन वर्षं एका घरात, एका टेबलाशी, आणि माझ्या तोंडाचं ह्या दोघांनी पोस्ट ऑफिस करून टाकलेलं.

"तिला सांग, मीठ इकडे दे."

"आई, बाबांना सांग, मीठ त्यांच्या हाताशीच आहे."

"तिला सांग, मला दिसलं आता."

मी कपाळ बडवून घ्यायची. एकदा चिडून दोघांनाही सांगितलं, की उद्यापासून मी मौन धरणार, तुमचं तुम्ही बघा. तर दुसऱ्या दिवशी दोघं बिनमिठाचं जेवले. जेवले, पण बोलले नाहीत! हात टेकले मी.

त्यातच ह्या वर्षी पोरीने सिनेमा करायला घेतला. शहराच्या बागेत एक अवाढव्य खार येते आणि माणसं फाडून खाते, अशी गोष्ट. मी जेवताना ह्यांच्या कानावर घातलं. हे म्हणाले, "तिला सांग, खार माणसं खात नाही."

"आई, बाबांना सांग, म्हणूनच लोक बघायला येतील."

आणि त्याच जेवणात तिने दुसरंही सांगितलं. हे चित्रीकरण संपलं की पहिल्या तारखेला ती दूरच्या शहरात जाणार होती, सिनेमाच्या कापाकापीचं, म्हणजे संकलनाचं, काम मिळालं होतं, कायमचं. ह्यांचा घास हातातच राहिला. मग खाल्ला.

मी मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरात पहिली तारीख शोधली. कारण हे फोनवर कुणाशीच बोलत नाहीत. फोन वाजला की माझ्या हातात देतात आणि लांब जाऊन उभे राहतात, चावेल म्हणून. पोरगी घरात आहे तोवर मीठ तरी मागतायत. ती गेली की तेही गेलं. पहिल्या तारखेच्या आत ही दोघं एकमेकांशी बोलली नाहीत तर मग कधीच बोलणार नाहीत, हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि काय करावं ते काडीचं कळत नव्हतं.

आता मी त्या खारीत कशी शिरले ते सांगते. खारीचा पोशाख पोरीने दोन जुन्या गालिच्यांचा शिवून घेतला होता. शेपटीला व्हॅक्यूम क्लीनरची नळी. आत शिरायला व्यायामशाळेतला एक धिप्पाड शिक्षक ठरवला होता, पण गालिच्याची धूळ नाकात गेली आणि त्याला ज्या शिंका सुरू झाल्या त्या थांबेचनात. शिंकणारी खार कुणाला घाबरवणार? मी डबा द्यायला गेले होते. पोरगी रडकुंडीला आलेली. तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत असं पाहिलं, की मी आधीच म्हणाले, "खबरदार!" आणि पाच मिनिटांत मी आत होते.

खोटं कशाला बोलू? मला मजा आली. आयुष्यभर ज्यांचा गळा धरावासा वाटला त्यांतल्या एकाचाही धरता आला नव्हता. इथे मी चित्रीकरणाच्या नऊ दिवसांत अकरा माणसं मारली. एक पोहण्याचा शिक्षक, दोन प्रेमी, बाकावर पेपर वाचणारे चौघे, आणि बाकीचे किरकोळ. शेजारचे निवृत्त बँक मॅनेजर सर्वांत अवघड गेले, कारण ते मरायलाच तयार नव्हते. प्रत्येक वेळी पडल्यावर पुन्हा उठून काहीतरी बोलायचे. शेवटी मी त्यांच्या छातीवर बसले. कॅमेरा होता तो समारंभांचं चित्रीकरण करणाऱ्याच्या हातात. त्याला जुनी सवय, त्यामुळे रक्ताने माखलेल्या माणसालाही तो म्हणायचा, "जरा इकडे बघा, हसा थोडं." रक्त म्हणजे लाल सरबत. मुंग्या इतक्या लागल्या, की मेलेले लोक कॅमेरा बंद व्हायच्या आधीच टुणकन उठून पळायचे.

ह्यांना मी सांगितलं, शिवणाचा क्लास लावलाय. हे म्हणाले, "बरं."

अडचण झाली दातांची. पहिले दात पुठ्ठ्याचे होते. पहिल्याच चाव्याला सरबतात भिजले आणि पोहण्याच्या शिक्षकाच्या दंडाला चिकटून बसले. दुसरे थर्मोकोलचे, ते मॅनेजरसाहेबांनी मरता मरता मोडले. खरे दात हवे होते, आणि खरे दात करणारा माणूस आमच्याच घरात मागच्या खोलीत बसला होता. मी म्हणाले, "जा, विचार ना त्यांना." पोरगी म्हणाली, "तू विचार." मी म्हणाले, "मी नाही!" आणि चक्क अडून बसले.

मग पोरीने जे केलं ते बघून मला कळलं, ही ह्यांना माझ्याइतकंच ओळखते. त्या चार डॉक्टरांतल्या एकाच्या दवाखान्यात आता तिच्या वर्गातली एक डॉक्टरीणबाई बसत होती. तिच्याकडून तिने कोरी चिठ्ठी मिळवली. दोन दिवसांनी आमच्या दारात घमेल्याएवढा प्लास्टरचा साचा आला आणि सोबत रीतसर चिठ्ठी. रुग्णाचं नाव: गुप्त. वय: माहीत नाही. वरची व खालची, पूर्ण. रंग: पिवळट. शेरा: रुग्ण चावतो.

ह्यांनी साचा पाहिला. चिठ्ठी वाचली. अक्षर काय, ह्यांनीच बोट धरून गिरवून घेतलेलं, ओळखणार नाहीत? चिठ्ठी हातात जरा जास्तच वेळ धरली. मी दारात उभी. हे माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "मोठं तोंड आहे." आणि खिशातून पेन काढून चिठ्ठीवर प्रश्न लिहिला, 'रुग्णाचा आहार काय?'

डॉक्टरीणबाईंकडून दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. 'मुख्यतः माणसे. क्वचित अक्रोड.'

ह्यांनी लिहिलं, 'घास लहान घेण्यास सांगावे.'

मग सुरू झालं. एरवी एका कवळीला एक चिठ्ठी लागते, फार तर दोन. ह्या खारीच्या सात झाल्या. 'सुळे टोकदार हवेत,' असं आलं. ह्यांनी लायब्ररीत जाऊन प्राण्यांवरचं जाडजूड पुस्तक आणलं, दुपारची झोप सोडून वाचलं, आणि लिहिलं, 'खारीला सुळे नसतात.' उत्तर आलं, 'या खारीला असतात.' ह्यांनी लिहिलं, 'मग ती खार नव्हे. पुन्हा तपासून कळवावे.' दोन दिवस काहीच आलं नाही. ते दोन दिवस हे दारावरची टपालाची पेटी दहा दहा वेळा उघडून बघत होते. मी स्वयंपाकघरातून बघत होते. तिसऱ्या दिवशी चिठ्ठी आली, 'पुढचे दोन मोठे करावेत. सुळ्यांचे नंतर बघू.' हे वाचून स्वतःशीच हसले. मला वाटलं, आता तरी हा माणूस उठेल, पलीकडच्या खोलीत जाईल. दोन खोल्यांमध्ये एक भिंत आहे हो, फक्त एक भिंत! पण नाही. चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी. ती ह्या खोलीतून त्या खोलीत जायला डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यापर्यंत बसने प्रवास करून यायची.

आणि मला त्या दोघांचा इतका राग आला, आणि इतकी माया आली, की मी सरळ जाऊन झोपले.

दात आले. काय सांगू, असे दात मी जन्मात पाहिले नव्हते. मोत्याची ओळ. पुढचे दोन मोठे, पण कसे, तर खानदानी. एकही वाकडा नाही, एकही टोक नाही. शेऱ्यात लिहिलेलं, 'सर्व कडा घासून गोल केल्या आहेत. ओठांस इजा होणार नाही.' आम्ही ते खारीला बसवले. मी तोंड उघडलं. बाकावरच्या चौघांना हसू आवरेना. खार छान हसत होती. इतकी प्रेमळ, इतकी सज्जन दिसत होती, की तिच्याकडून कुणीही पाणी मागून घेतलं असतं.

"आई, ही खुनी वाटतच नाही," पोरगी म्हणाली, "ही मावशी वाटते."

पण लाइट धरणारा माणूस लांबून म्हणाला, "ताई, मला मात्र आता खरी भीती वाटतेय. ती हसत हसत मारते." पोरीने पुन्हा नीट बघितलं आणि तिचे डोळे चमकले. पुढे सिनेमा एका लहानशा थिएटरात तीन आठवडे चालला, तो ह्याच हसण्यामुळे. लोक आधी हसायचे, मग त्यांना वाटायचं, अरे, ही आपल्याकडे बघून हसतेय.

आता शेवटचा दिवस. क्लबच्या रिकाम्या पोहण्याच्या तलावात शेवटचा प्रसंग होता. तलावाला पांढऱ्या फरश्या, वर भर दुपारचं ऊन, आणि खाली मी दोन गालिच्यांत. खारीचा खालचा जबडा माझ्या हनुवटीला पट्ट्याने बांधलेला असे. मी तोंड उघडलं की तिचं उघडायचं, मी मिटलं की तिचं मिटायचं. डोकं काढायचं तर आधी तिचं तोंड उघडून आतला हूक सोडावा लागे. मी मॅनेजरसाहेबांचा पाय पकडला (ते मागे मेले होते, पण त्यांनी जुळ्या भावाची भूमिका मिळवली होती), जोरात चावले, सोडले, जबडा मिटला, आणि मिटला तो मिटलाच. उघडेचना! माझी हनुवटी वर अडकलेली, दातांवर दात, तोंडातून शब्द निघेना.

"हं! हं हं!" मी म्हणाले.

"छान, आई! अजून चिड!" पोरगी वरून ओरडली.

चिडलेच होते मी. हात हलवून हलवून कळवलं तेव्हा सगळे खाली धावले. कॅमेरावाल्याने चमचा आणला, मॅनेजरसाहेब स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले. पोरगी त्यांच्या अंगावर धावली, "हात लावू नका! बाबांचं काम आहे ते. आणि आत आई आहे." ह्याच क्रमाने म्हणाली, मी लक्षात ठेवलंय. श्वासाची अडचण नव्हती, खारीच्या नाकपुड्या मोठ्या होत्या आणि मला त्यांतूनच दिसायचं. भूक मात्र सपाटून लागली होती.

पोरीने पिशवीतून चिठ्ठी काढली. आता ती चिठ्ठ्यांचं पुडकंच बाळगत होती. लिहिलं, 'तातडीचे. रुग्णाचा जबडा उघडत नाही. रुग्ण प्रवास करू शकत नाही.' लाइटवाला स्कूटरवरून चिठ्ठी घेऊन थेट आमच्या घरी गेला.

अर्ध्या तासात स्कूटर परत आली. मागे हे. पायात घरातल्या चपला, शर्टाची बटणं वरखाली लागलेली, आणि छातीशी हत्यारांची पेटी धरलेली. शिडीवरून उतरून तलावात आले. कुणाकडेही बघितलं नाही. सरळ खारीजवळ येऊन गुडघ्यांवर बसले, तिच्या गालावर हात ठेवला, आणि म्हणाले, "घाबरू नका. नाकाने सावकाश श्वास घ्या. मी आलोय ना, आता काही होणार नाही."

एकतीस वर्षांत ह्यांचा हा पहिला रुग्ण. इतका मऊ आवाज! माझ्याशी लग्नानंतर आठवडाभर असेल, मग कुठे गेला होता कोण जाणे. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि रागही आला, की हा आवाज घरात होता आणि मला मिळाला नाही.

"हं!" मी म्हणाले.

ह्यांचा हात गालावरच थबकला. ते 'हं' ह्यांनी आयुष्यभर ऐकलंय. खारीच्या नाकपुडीत डोळा लावून म्हणाले, "अगं, तू?"

"हं."

"तू तर शिवणाला जातेस ना?"

"हं हं."

"बरं," म्हणाले. मग नेहमीच्या सवयीने मान न वळवताच मला म्हणाले, "तिला विचार, हे उन्हात किती वेळ होतं?"

"हं हं हं!" मी म्हणाले. काय विचारणार, कपाळ?

पोरगी दोन पावलांवर उभी होती. तीही सवयीने म्हणाली, "आई, बाबांना सांग, सकाळी अकरापासून..." आणि थांबली. दोघंही माझ्याकडे बघत राहिले. खारीकडे. खार हसत होती, पण बोलू शकत नव्हती.

मॅनेजरसाहेबांना राहवलं नाही. "मी सांगू का?" ते म्हणाले, "ती म्हणतेय, की अकरापासून..."

"तुम्ही गप्प बसा!" दोघं एकदम ओरडले. एका सुरात! मग दोघांनीही एकमेकांकडे चोरून पाहिलं, आणि पोरीने इशारा केल्यावर सगळी मंडळी वर जाऊन सावलीत बसली. तलावात राहिलो आम्ही तिघं.

ह्यांनी दातांच्या सांध्यावर नख फिरवून बघितलं, वास घेतला. मग खाली फरशीकडे बघत विचारलं, "अकरापासून?"

"हो," पोरगी म्हणाली.

"सावलीत नव्हतं ठेवलं मध्ये?"

"नाही. मला कुठे माहीत होतं?"

"तुला कसं माहीत असणार?" हे म्हणाले. "चिठ्ठीवर नव्हतंच ते. मी आत मऊ अस्तर लावलं होतं, जबडा मिटताना आतल्या माणसाला दणका बसू नये म्हणून. आपल्या मनानेच लावलं. उन्हाने ते पाघळलं आणि वरचं खालच्याला चिकटलं. त्यात दात इतके घट्ट जुळलेत, की वारा शिरायला जागा नाही." नख पुसून म्हणाले, "चूक माझी आहे."

'चूक माझी आहे'! मी आत जागच्या जागी उडाले. हे वाक्य आमच्या घरात कुणी ऐकलं नव्हतं.

थंड पेयांच्या पेटीतला बर्फ फडक्यात बांधून ह्यांनी खारीच्या जबड्याला लावला. म्हणाले, गार झालं की अस्तर आकसेल आणि आपोआप सुटेल, दहापंधरा मिनिटं लागतील, जोर करायचा नाही. एका बाजूने हे फडकं धरून बसले, दुसऱ्या बाजूने ती. मध्ये मी.

"बाबा," पोरगी म्हणाली, "सुळे का नाही केले?"

"खारीला नसतात."

"मला हवे होते, तुम्हाला माहीत होतं."

"माहीत होतं."

"मग?"

ह्यांनी फडकं उगाचच दुसऱ्या हातात घेतलं. "पहिल्याच चिठ्ठीत सगळं करून दिलं असतं," म्हणाले, "तर तुझी दुसरी चिठ्ठी आली नसती."

पोरीने तोंड फिरवलं. खांदे हलत होते. रडत होती की हसत होती, मला नाकपुडीतून नीट दिसेना. मग म्हणाली, "मलाही सगळं एकाच चिठ्ठीत विचारता आलं असतं. रंग, आकार, सगळं. मी मुद्दाम एकेक विचारत होते."

"सात झाल्या," हे म्हणाले.

"आठ. आजची धरून."

बर्फाचं पाणी माझ्या गळ्यात उतरत होतं, पण कुणाला पर्वा? मग हे फार हळू म्हणाले, "कॉलेज सोडलंस त्याचं मला काही नव्हतं गं. मला दुसऱ्याच्या दवाखान्यात उभ्याउभ्या कळलं. हातात साचे होते. मला वाटलं, माझ्या पोरीला मला सांगावंसंसुद्धा वाटलं नाही."

"तुम्ही इतके खूश होतात," ती म्हणाली, "सगळ्यांना लिहून कळवलं होतंत. रोज सांगायचं म्हणून तुमच्या खोलीच्या दारापर्यंत यायचे आणि परत जायचे. घाबरले होते मी, बाबा. मला माफ करा."

"मी पण घाबरलो होतो," हे म्हणाले. "गप्प बसायला लागलो, आणि मग बोलायचं कसं तेच कळेना. वेळ जाईल तसं अवघड होत गेलं."

माझं काय झालं असेल ते तुम्हीच बघा. आत अंधार, घाम, बर्फाचं पाणी, आणि मी ढसाढसा रडतेय, तेही तोंड न उघडता.

आणि तेवढ्यात बारीकसा टक् आवाज झाला. दुसऱ्या कुणाला ऐकू गेला नाही. अस्तर सुटलं, हनुवटी सैल झाली, माझं तोंड मोकळं! तीन वर्षांत ह्या दोघांना जे जे सुनवायचं राहिलं होतं ते सगळं एकदम जिभेवर आलं, आणि ते थोडंथोडकं नव्हतं.

बाहेर हे विचारत होते, "तिकडे जेवणाचं काय करशील?"

"करेन काहीतरी. बाबा, तुम्ही फोन कराल?"

"फोनवर काय बोलायचं असतं?"

"हेच," ती म्हणाली. "जेवलीस का, वगैरे."

"बरं. आणि मग तू काय म्हणणार?"

मी हनुवटी वर दाबली, खारीचा जबडा घट्ट मिटून धरला, आणि चकार शब्द न काढता तशीच बसून राहिले.